त्वचेसाठी आणि टॅटूनंतर वनस्पती बटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बाम बनवायला शिकवते. ओळखीतले काही जण टॅटू काढतात, त्यांच्या गिऱ्हाइकांचे प्रश्नही फिरत फिरत माझ्याकडेच येतात. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की एकदा सगळं लिहून ठेवलेलं बरं. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरांकडे जायला हवं तिथे तसं स्पष्ट लिहिलंय. आणि ही उत्तरं मुंबईच्या दमट हवेसाठी आहेत, नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्याचा हिशेब वेगळा.

१. बटर म्हणजे नेमकं काय? तेलात आणि त्यात फरक काय?

झाडाच्या बियांमधून निघणारी आणि नेहमीच्या हवेत घट्ट राहणारी चरबी म्हणजे वनस्पती बटर. दुधातुपाशी त्याचा संबंध नाही. खोबरेल तेल साधारण २४-२५ अंशांना वितळतं, म्हणून मुंबईत ते वर्षातले बहुतेक दिवस पातळच असतं. शिया, कोको आणि आंब्याच्या कोयीचं बटर पस्तिशीच्या आसपास वितळतं. कोकमचं त्याहूनही वर, ३८ ते ४२ अंशांना.

बटरात पाणी अजिबात नसतं, हे मात्र नीट लक्षात घ्या. ते त्वचेला नवा ओलावा देत नाही, आहे तो उडून जाऊ देत नाही. पातेल्यात पाणीच नसेल तर वर झाकण ठेवून काय उपयोग? म्हणून कोरड्याठक्क टाचेवर बटर चोळत बसू नका. आंघोळीनंतर अंग टिपून घ्या आणि त्वचा किंचित दमट असतानाच लावा. "इतकं महागाचं आणलं, काही फरक नाही" अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांचं इथेच चुकतं.

२. कोरफड बटर, कॉफी बटर, ग्रीन टी बटर हे काय असतं?

कोरफडीच्या गरात चरबी जवळजवळ नसतेच, तर तिचं बटर निघणार कुठून? खोबरेल किंवा हायड्रोजन घालून घट्ट केलेल्या दुसऱ्या एखाद्या तेलात थोडा अर्क मिसळतात आणि नाव अर्काचं देतात. लावायला वाईट नाही. फक्त डबीमागची यादी वाचा आणि खोबरेलाच्या भावापेक्षा फार जास्त मोजू नका.

३. ताई, शिया, कोको, आंबा, कोकम यातलं मुंबईत कोणतं घ्यावं?

शिया पश्चिम आफ्रिकेतून येतं, घाना, बुर्किना फासो, नायजेरिया या पट्ट्यातून. ते मऊ असतं आणि हाताला लगेच लागतं. त्यात साबण न होणारा भाग, म्हणजे क्षार घातला तरी ज्यांचा साबण बनत नाही असे घटक, इतर बटरांपेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे कोरड्या, खरखरीत त्वचेला ते मानवतं. पण मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ते पार ढेपाळतं, आणि अंगावर चिकटही वाटतं. कच्च्या शियाला धुरकट वास असतो. काहींना तो आवडतो, मला नाही.

कोकोचा वास चॉकलेटचा, म्हणून लोक त्याच्यावर भाळतात. ओठांसाठी उत्तम, चेहऱ्यासाठी जपून (प्रश्न ६ पाहा). आंब्याच्या कोयीचं बटर शियापेक्षा हलकं आणि जवळजवळ बिनवासाचं असतं. ज्यांना काय घ्यावं ते अजिबात कळत नाही, त्यांनी तिथून सुरुवात करावी.

माझा कल कोकमकडे आहे आणि तो मी लपवणार नाही. ते मुळात आपल्या कोकणातलं, उन्हाळ्यातही डबीत घट्ट राहणारं आणि लावल्यावर तेलकट न वाटणारं. अडचण एकच. ते दगडासारखं कडक असतं, नुसतं घासलं तर त्वचेवर फारसं उतरत नाही. त्याला जोडीला तेल लागतं. प्रमाण प्रश्न १६ मध्ये दिलंय.

४. आई म्हणते गावचं मुठेल आणि दुकानातलं कोकम बटर एकच. मग दुकानातलं पाचपट महाग का?

आई बरोबर सांगते. एप्रिल-मे मध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडले की सालींची आमसुलं होतात आणि बिया उरतात. त्या धुऊन कडक उन्हात वाळवायच्या, कुटायच्या आणि पाण्यात उकळायच्या. चरबी वर तरंगते. ती काढून, निवत आली की मुठीत दाबून गोळे वळायचे. म्हणून ते मुठेल. नीट पाहिलंत तर गोळ्यावर बोटांचे वळ दिसतात. रंग पांढरट पिवळा किंवा राखाडी, वास किंचित आंबूस. दुकानातलं बटर याच बियांचं, पण गिरणीत काढून शुद्ध केलेलं असतं, म्हणून पांढरंशुभ्र आणि बिनवासाचं.

टाचांच्या भेगांना मुठेल बिनधास्त वापरा, कोकणात पिढ्यान् पिढ्या तेच लावत आलेत. मात्र चुलीवर, घरच्या पाण्यात बनलेली वस्तू निर्जंतुक नसते. नव्या टॅटूवर ती लावू नका, आजीनं स्वतः केलेली असली तरी.

दादर-गिरगावच्या कोकणी मेव्याच्या दुकानांत मुठेल मिळतं. घेताना एक साधी खूण पाहा. अस्सल कोकम बटर मुंबईच्या हवेत घट्ट राहतं, नखानं दाबलं तर ठिसूळपणे तुटतं. ते मेणासारखं वाकत असेल किंवा पंख्याखालच्या खोलीतही मऊ पडत असेल, तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलंय.

५. इथे बारा महिने घाम. बटर लावायचं तरी कशाला?

सगळ्या अंगाला नकोच. जुलैत पाठीला बटर चोळून विरार लोकल पकडलीत तर दादरपर्यंत घामोळं हमखास. टाचा, कोपर, गुडघे, ओठ आणि सतत भांडी घासून फाटलेले हात एवढ्यापुरतं ठेवा. आणखी एक वर्ग आहे, दिवसभर एसीत बसणारा. बाहेर घाम, आत कोरडी हवा, आणि संध्याकाळी पोटऱ्यांवर पांढऱ्या रेघा. त्यांनी रात्री झोपताना हरभऱ्याएवढं बटर तळहातावर चोळून दोन्ही पोटऱ्यांना लावावं. पुरतं.

मांड्या घासून चट्टे पडतात त्यांनाही पातळ थराचा फायदा होतो. पण तिथे गोल, कडेनं लाल, खाजरा चट्टा असेल तर ते बहुधा गजकर्ण आहे. त्यावर बटर लावलंत तर बुरशीला हवा तसा दमटपणा मिळतो.

६. चेहऱ्यावर लावू का? मला पिंपल्स येतात.

मग नको. कोको बटर छिद्रं बुजवणाऱ्यांच्या यादीत बरंच वर असतं. या याद्या मुळात सशाच्या कानावर केलेल्या जुन्या चाचण्यांवरून आल्या, त्यामुळे माणसाच्या गालाला त्या जशाच्या तशा लागू होत नाहीत. तरी मुंबईच्या घामात तेलकट त्वचेवर जाड चरबी लावायचं कारण मला दिसत नाही. हलकं जेल मॉइश्चरायझर लावा. त्वचा खूप कोरडी असेल तर आंब्याचं बटर, तेही रात्री आणि अगदी पुसटसं.

कपाळावर, छातीवर किंवा पाठीवर एकाच आकाराचे बारीक खाजरे पुटकुळे येत असतील, किंवा पाठीवर शिबं असतील, तर बटर आणि तेल दोन्ही बंद करा. यामागे बहुधा मॅलासेझिया नावाची बुरशी असते, आणि ती तेलातल्या मेदाम्लांवरच (फॅटी ॲसिड) जगते. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

७. टॅटू काल काढला. आजपासून शिया बटर लावू का?

नाही. आलेल्या प्रश्नांत हा सगळ्यात जास्त वेळा आलाय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुई शाई सोडते ती वरच्या थराखाली, अंतस्त्वचेत, साधारण १ ते २ मिलिमीटर खोल. म्हणजे काल काढलेला टॅटू ही हजारो टोचण्यांची उघडी जखम आहे. त्यातून पहिले दोन-तीन दिवस रक्तमिश्रित पाणी आणि शाई झिरपते. त्यावर जाड चरबी थापली की झिरपणारं आत अडकतं, वरून घाम, आणि त्यात जंतूंचं फावतं. शिवाय घरातल्या डबीत आपण रोज बोटं घालतो, ती निर्जंतुक नसते.

पहिल्या दिवसांत हात साबणानं धुऊन मगच टॅटूला लावा. कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण घेऊन दिवसातून दोन-तीनदा हलक्या हातानं धुवा, टिशूनं टिपा. आंघोळीचा टॉवेल नको, बाथरूममधल्या दोरीवर तो पावसाळ्यात धड सुकतही नाही. नंतर आर्टिस्टनं दिलेलं मलम लावा, इतकं पातळ की चमक दिसेल पण थर दिसणार नाही.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून साल निघू लागते. तेव्हा बिनवासाचं साधं लोशन बरं, कारण त्यात पाणी असतं आणि ते पसरतंही सहज. साल पूर्ण निघून गेली, खपली कुठेच उरली नाही आणि हात फिरवल्यावर आजूबाजूच्या त्वचेसारखंच लागलं की बटरची पाळी. बहुतेकांना याला दोन ते चार आठवडे लागतात. मोठ्या, भरीव काळ्या कामाला जास्त. कॅलेंडर पाहून ठरवू नका, त्वचा पाहून ठरवा.

टॅटूसाठी म्हणून बनवलेले शिया किंवा आंब्याच्या बटरचे सीलबंद बाम मिळतात, आणि काही आर्टिस्ट ते सुई चालवतानाही वापरतात. तुमच्या आर्टिस्टनं तसा बाम सुचवला असेल तर वापरा. नवी डबी, धुतलेले हात, पातळ थर.

८. आर्टिस्ट म्हणतो पेट्रोलियम जेली लावू नका, फॅमिली डॉक्टर म्हणतात तीच लावा. ऐकू कोणाचं?

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. जेली शुद्ध असते, तिला वास नसतो, तिची ॲलर्जी क्वचितच होते आणि पाणी अडवण्यात ती कोणत्याही बटरपेक्षा सरस असते. म्हणून डॉक्टर जखमेला ती सुचवतात. आर्टिस्टनं पाहिलेली असतात ती तिचा जाड लेप देऊन, वर जीन्स चढवून, घामाघूम होऊन आलेली मुलं. जेली वापरायचीच तर मोहरीएवढी घेऊन पसरवा. भांडण संपलं.

९. सेकंड स्किन (टॅटूवर चिकटवायची पारदर्शक फिल्म) लावलंय. त्याच्या खाली किंवा कडेला बटर चालेल?

नाही. चरबीवर ती फिल्म चिकटतच नाही. आत काळसर पाणी साचलं तर घाबरू नका, पण कडेनं गळू लागलं तर फिल्म काढा, धुवा आणि पुढे प्रश्न ७ प्रमाणे.

१०. हळद, खोबरेल, मध यातलं काही चालेल का? सासूबाई हळदीचा आग्रह धरताहेत.

उघड्या टॅटूवर स्वयंपाकघरातलं काही नको. डब्यातल्या हळदीत भाजीचा ओला चमचा किती वेळा गेलाय ते आठवा. टॅटू भरल्यावर खोबरेल लावायला हरकत नाही. सासूबाईंना सांगा, हळद दुधातून घेते.

११. खूप खाज सुटलीय, खाजवल्याशिवाय राहवत नाही.

भरताना खाज येतेच. नखं लावू नका, खपली ओढलीत तर तिथली शाई निघून ठिपका पडतो. वरून स्वच्छ तळहातानं हलकेच थापटा, थंड पाण्याची टिशूची घडी ठेवा. साल निघून गेली असेल तर पातळ बटरनं खाज कमी होते. पुरळ असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

१२. टॅटूभोवती लाल झालंय. हे बटरमुळे, शाईमुळे की जंतुसंसर्ग?

पहिले दोन-तीन दिवस थोडी लाली, ऊब आणि दुखणं राहणारच, पण ते रोज कमी व्हायला हवं. लाली पसरत गेली, दुखणं वाढलं, पू आला, ताप आला किंवा लाल रेघ वर सरकताना दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

जिथे जिथे बटर लावलं तिथे बारीक खाजरे दाणे आले आणि ते टॅटूच्या कडेबाहेरही असले, तर बटर किंवा त्यातला सुगंध सोसलेला नाही. बंद करा. टॅटूतला एकच रंग फुगून खाजत असेल, तर संशय शाईवर. यात लाल रंग सगळ्यात बदनाम आहे, आणि असा त्रास महिन्यांनी, वर्षांनीही उपटू शकतो. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

एक कळकळीची विनंती. केमिस्टकडून "खाजेची ट्यूब" आणून लावू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत जोरकस स्टेरॉइड असतं. वरून बरं वाटतं आणि आतला संसर्ग पसरत राहतो.

१३. घोट्यावर टॅटू काढलाय आणि पाऊस सुरू झाला. बटर लावून पाण्यातून गेलं तर चालेल ना?

पाऊस अंगावर पडला तर काही होत नाही, घरी येऊन धुवा आणि टिपा. प्रश्न आहे तो साचलेल्या पाण्याचा. हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या सखल भागांत तुंबणाऱ्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि त्यातले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेतून शरीरात शिरतात. बटरचा थर त्यांना अडवत नाही. अशा पाण्यातून जावंच लागलं तर घरी पोचताच साबणानं धुवा, आणि २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा. महापालिका दर पावसाळ्यात हेच बजावते. गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका, गरोदर असाल तर मुळीच नाही.

माझं विचाराल तर पायावरचा टॅटू ऑक्टोबरनंतर काढा. समुद्र आणि स्विमिंग पूल मात्र कोणत्याही ऋतूत साल पूर्ण निघेपर्यंत नको.

१४. कोको बटरनं स्ट्रेच मार्क्स, जुने व्रण, केलॉइड जातात का?

नाही. गरोदर स्त्रियांवर झालेल्या चाचण्यांत कोको बटरचं क्रीम लावणाऱ्या आणि साधं क्रीम लावणाऱ्या यांच्यात स्ट्रेच मार्क्सच्या बाबतीत फरक दिसला नाही. मालीश केल्यानं त्वचा मऊ लागते, ताण कमी वाटतो, तेवढ्यासाठी लावा. केलॉइड, म्हणजे जखमेच्या जागेबाहेरही फुगून वाढणारा व्रण, हा वेगळाच प्रकार. कान टोचल्यावर गाठ आली असेल, खांद्यावर किंवा छातीवर व्रण फुगून वाढला असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा आणि मगच टॅटूची वेळ घ्या.

१५. बटरनं टॅटूचा रंग टिकतो का? आणि आजीच्या हातावरचं गोंदण उजळेल का?

बटर लावलं की रंग गडद दिसतो, कारण कोरड्या त्वचेवरची पांढरट झाक जाते. दोन तासांनी परत होतं तसंच. रंग उडतो तो मुख्यतः उन्हानं. शियात ऊन अडवणारे घटक थोडेफार असतात, पण त्याच्या भरवशावर दुपारी शिवाजी पार्कात मॅच खेळायला उतरू नका. टॅटू भरल्यावर एसपीएफ ३० किंवा अधिकचं सनस्क्रीन लावा, भरेपर्यंत सुती कापडानं झाका. बटर आणि सनस्क्रीन एकत्र कालवू नका, सनस्क्रीनचा थर विस्कटतो.

आजीचं गोंदण काजळीचं. वर्षांनुवर्षांत ते हिरवट पडतं, कडा पसरतात, आणि बटरनं ते परत रेखीव होणार नाही. पण त्या वयाच्या कागदासारख्या पातळ त्वचेला कोकम-तिळाचा बाम (प्रश्न १६) फार मानवतो. रोज संध्याकाळी लावून द्या, तिलाही बरं वाटेल.

१६. घरी बाम कसा करू? मुंबईत वितळणार नाही असं प्रमाण सांगा.

१०० ग्रॅमसाठी कोकम बटर ३० ग्रॅम, शिया ३०, तिळाचं तेल ३५, मधमाशीचं मेण ५. एप्रिल-मे मध्ये मेण ७ करा आणि तेल ३३. वाटी-चमच्यानं मोजू नका, वजनकाटा वापरा.

पातेल्यात पाणी गरम करून त्यावर स्टीलचं भांडं ठेवा. मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणून आधी मेण आणि कोकम घाला, मग शिया, शेवटी तेल. भांडं उचलताना खाली बघा. बुडाला जमलेला वाफेचा थेंब ओतताना घरंगळून डबीत गेला तर त्याच डबीला पुढे बुरशी धरते. आधी बूड पुसा, मगच ओता. किंचित निवल्यावर अर्धा ग्रॅम व्हिटॅमिन ई घाला, त्यानं खवटपणा लांबतो. पूर्ण कोरड्या डब्यांत भरून लगेच फ्रिजमध्ये वीस मिनिटं.

कोरफडीचा गर किंवा गुलाबपाणी घालू नका. पाणी आलं की परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) लागतो, आणि तो घरी अंदाजानं घालायची गोष्ट नाही. लिंबू-संत्र्याच्या सालीचे सुगंधी अर्कही टाळा, त्यातल्या काहींनी उन्हात डाग पडतात. आणि पुन्हा एकदा, हा बाम भरलेल्या टॅटूसाठी आहे, ताज्या नाही.

फेटून फुलवलेलं बटर व्हिडिओत छान दिसतं. इथे मे महिन्यात ते बसतं आणि डबी अर्धी दिसू लागते.

१७. बटरात रव्यासारखे दाणे पडलेत. खराब झालं का?

नाही. वितळून सावकाश गार झालं की वेगवेगळी मेदाम्लं वेगवेगळ्या वेळी घट्ट होतात, त्याचे दाणे. शियात हे फार होतं. पूर्ण वितळवून फ्रिजमध्ये झटपट गार करा. कोकोवर पांढरी बुरशीसारखी झाक आली तरी बहुधा ते स्फटिकांचंच काम असतं.

खराब झालंय का ते नाक सांगतं. जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास आला की टाकून द्या. केसाळ किंवा रंगीत ठिपका दिसला तरीही. डबी बाथरूममध्ये ठेवू नका आणि ओलं बोट घालू नका.

१८. मला सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे. शिया चालेल? आणि आंब्याचा चीक उतला होता, मग आंब्याचं बटर?

शिया बीपासूनच येतं. शुद्ध केलेल्या बटरात प्रथिनं नाममात्र उरतात आणि बहुतेकांना ते सोसतं. पण पूर्वी घसा सुजला असेल, श्वास कोंडला असेल, तर ॲलर्जीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आंब्याचा त्रासदायक अंश चिकात आणि सालीत असतो. कोयीच्या शुद्ध बटरात तो सहसा नसतो, तरी चीक उतणाऱ्यांनी कोकम घेतलेलं बरं.

कोणतंही नवं बटर आधी कोपराच्या आतल्या बाजूला सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लावून पाहा. एका दिवसात काही झालं नाही म्हणजे सोसलं, असं धरू नका.

१९. बाबांना मधुमेह आहे आणि टाचांना खोल भेगा. मुठेल भरू का?

वरवरच्या कोरडेपणाला पातळ लावा, बोटांच्या बेचक्यांत नको. भेग खोल असेल, रक्त येत असेल किंवा पायाला बधिरपणा असेल तर काहीही भरू नका, डॉक्टरांना पाय दाखवा. त्यांना टॅटू हवा असेल तरी आधी साखर आटोक्यात आहे का ते पाहा, जखम उशिरा भरते.

२०. टॅटूनंतर रक्तदान कधी करता येतं?

बटरशी याचा संबंध नाही, पण गणपतीच्या मंडळांची शिबिरं आली की हा प्रश्न हमखास येतो. आपल्याकडच्या नियमानुसार १२ महिने थांबावं लागतं. फॉर्म भरताना टॅटू लपवू नका.

२१. माझा बाम सोसायटीत सगळ्यांना आवडला. विकायला सुरुवात करू का?

विकायला परवाना लागतो. सौंदर्यप्रसाधन बनवून विकणं १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांखाली येतं. परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तो मिळत नाही, त्यासाठी स्वतंत्र जागा आणि माहितगार माणूस लागतो. म्हणून बरेच जण परवाना असलेल्या कारखान्यातून आपल्या प्रमाणानं माल बनवून घेतात. डबीवर घटक, बॅच नंबर, बनवल्याची आणि संपण्याची तारीख, परवाना क्रमांक हवा. आणि "टॅटूची जखम भरतो" असं छापू नका. तो औषधाचा दावा झाला, त्याचा परवाना वेगळा.